हिरवा ठिपका नसलेली कॅप्सूल

विश्रामबागेत माझं मेडिकलचं दुकान आहे. काउंटरपलीकडून माणसं येतात, आजार सांगतात आणि जाता जाता एखादा किस्सा सोडून जातात. पूर्वी घरी जेवताना मी हे किस्से रंगवून सांगायचो. आता त्यातले बरेचसे सांगताना हसू येत नाही.

*

आमच्या कॉलनीतल्या एक काकू. बिस्किटाच्या पुड्यावरही हिरवा ठिपका शोधणाऱ्या. एकदा त्यांनी व्हिटॅमिनच्या कॅप्सूलची पट्टी उलटीपालटी करून पाहिली.

"अण्णा, ह्यावर ठिपकाच नाही."

"औषधावर नसतो, काकू. वरचं कवच जिलेटिनचं आहे. जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात ते."

काकू पट्टी ठेवून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचे यजमान आले. "तीच पट्टी द्या," म्हणाले, "आणि तुम्ही मला काही सांगितलेलं नाही!"

*

जतकडचे एक मामा. सगळा जन्म मेंढरांमागं गेला, उतारवयात माळ घातली आणि मटण सोडलं. ॲसिडिटीच्या कॅप्सूल नियमानं न्यायचे, तरी जळजळ थांबेना. डॉक्टरांनी डोस वाढवला. तरी तेच.

शेवटी मी विचारलं, "मामा, कॅप्सूल घेता तरी कशी?"

"आवं, वरचं कातडं सोलून टाकतो आन् आतलं दानं तेवढं चावून खातो. माळ घातलीया न्हवं!"

दुकानात हशा पिकला. पण ते दाणे चावले की पोटातल्या आम्लात वाया जातात. तेच औषध जिलेटिन नसलेल्या गोळीतही मिळतं. मामांनी डॉक्टरांना माळेचं सांगितलं नाही, डॉक्टरांनी विचारलं नाही, आणि बिचारा माणूस फुकट जळत राहिला.

*

माझी आत्या कांदा-बटाटासुद्धा खात नाही. आयसीयूत तिला रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून इंजेक्शन दिलं. ते डुकराच्या आतड्यापासून करतात, हे तिला घरी आल्यावर कुणीतरी सांगितलं.

आत्या चिडली नाही. म्हणाली, "विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं रे. पण विचारायचं तरी."

*

आष्ट्याचे बाबूचाचा गाद्या भरतात. माझे जुने स्नेही. त्यांचं स्वादुपिंड निकामी झालंय, त्यामुळे अन्न पचायला प्रत्येक जेवणाबरोबर कॅप्सूल लागते. एक दिवस मोबाइलवर काहीतरी वाचून आले.

"अण्णा, खरं सांगा. ह्यात डुकराचं काय हाय?"

"आतलं औषधच डुकराच्या स्वादुपिंडापासून केलेलं आहे, चाचा."

ते तसेच माघारी गेले. त्यानंतर दुकानात आलेच नाहीत. पुढं एसटी स्टँडवर दिसले, तेव्हा सदरा अंगावर लोंबत होता. खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. खरं सांगितल्याचा मला पस्तावा नाही, पण त्या दिवशी मला घास गोड लागला नाही.

मी त्यांच्या मुलाला फोन केला. तो त्यांना आधी डॉक्टरांकडं आणि मग मौलानांकडं घेऊन गेला. दुसरी दवा नसेल तर जीव वाचवायला ही चालते, असं मौलानांनी सांगितलं. चाचा पुन्हा कॅप्सूल न्यायला लागले. मला वाटलं, मिटलं सगळं.

*

ईदला मी चाचांकडं जेवायला असतो. सगळं घर एकाच मोठ्या थाळ्याभोवती बसतं. मी शाकाहारी, म्हणून माझा वरणभात शेजारच्या माळकरी घरातून शिजून येतो आणि माझं ताट कोपऱ्यात वेगळं मांडतात.

यंदा नातवंडं थाळ्याभोवती बसली, पण चाचा वेगळी ताटली घेऊन उभेच. त्यांना कॅप्सूल गिळवत नाही, म्हणून ती फोडून घासावर पसरतात. त्यातला एखादा दाणा थाळ्यात सांडला तर, ही त्यांना धास्ती.

मुलगा म्हणाला, "अब्बा, मौलाना बोलले न्हवं, चालतंय म्हणून. बसा की."

"मौलानांनी मला परवानगी दिली. पोरास्नी न्हाई."

चाचांनी माझ्या भांड्यातला वरणभात ताटलीत वाढून घेतला आणि कोपऱ्यात माझ्याकडं आले.

"सरका जरा, अण्णा. लय वर्सं तुमी हितं एकटंच जेवत व्हता."