मॉडरेटरला भांडण लावायचंय

आमच्या लिस्टवर संशोधन किती होतं ते सोडा, किस्से मात्र ढिगाने होतात. कधी लिहून ठेवावे लागले नाहीत. चार जण चहाला जमले की एकाने सुरू करायचा आणि दुसऱ्याने मध्येच तोडून शेवट सांगून टाकायचा!

लिस्ट म्हणजे ईमेलची. कॉम्प्युटर नेटवर्कवर संशोधन करणारी मंडळी तिच्यावर आहेत, बहुतेक नवी मुंबई, ठाणे, पुण्याकडच्या कॉलेजांत शिकवणारी. एकाने मेल टाकली की सगळ्यांना जाते. मी ऐरोलीला राहते, इथल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते आणि उरलेल्या वेळात ही लिस्ट सांभाळते.

मध्यंतरी फाटक सरांची बायपास झाली आणि लिस्ट एकदम गप्प पडली. सर आमचे सगळ्यात जुने आणि सगळ्यात भांडखोर मेंबर. ऑपरेशन उत्तम झालं, सर उलव्याला घरी आले, पण त्यांची मेल काही येईना. ‘लवकर बरे व्हा’च्या मेलांचा ढीग पडला, एकालाही उत्तर नाही. मला फार चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. त्या दिवसांत हे सगळं एकेक करून आठवत राहिलं.

*

मी मॉडरेटर कशी झाले? एका मीटिंगमध्ये विचारलं, “लिस्टचा पासवर्ड कुणाकडे असतो?” एवढंच. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या!

घरी सासूबाईंना हे काम समजावून सांगताना माझी पंचाईत झाली.

“म्हणजे तू करतेस काय नक्की?”

“लोकांच्या मेल येतात. चांगल्या असतील त्या आत सोडते. फालतू असतील त्या अडवते.”

“म्हणजे आपल्या गेटवरच्या वॉचमनसारखं.”

“हो, तसंच म्हणा.”

“त्याला पगार असतो,” सासूबाई म्हणाल्या आणि भाजी निवडायला लागल्या.

*

एकदा एका मेंबरने सगळ्या लिस्टला लिहिलं, ‘कृपया माझं नाव काढून टाका.’ त्यावर आणखी कुणी लिहिलं, ‘माझंही.’ मग तिसरा म्हणाला, ‘असल्या मेल सगळ्यांना पाठवू नका,’ आणि हे त्याने सगळ्यांना पाठवलं. दुपारपर्यंत नुसता गोंधळ!

शेवटी फाटक सर उतरले. लिस्टमधून बाहेर कसं पडायचं यावर त्यांनी दोन पानी मेल लिहिली. सोबत आकृती. वर, ही पद्धत मुळात कशी आली त्याचा इतिहास.

पहिल्या मेंबरचं उत्तर आलं, ‘सर, इतकं छान कुणी समजावलं नव्हतं. राहतो.’

*

सुट्टीवर जाताना लोक मेलला ऑटो-रिप्लाय लावून जातात. ‘मी रजेवर आहे, आल्यावर उत्तर देईन.’ आमचे दोन मेंबर एकाच आठवड्यात रजेवर गेले. एकाच्या मेलने लिस्टला कळवलं, मी रजेवर आहे. दुसऱ्याच्या मेलने त्याला उत्तर दिलं, मीही रजेवर आहे. पहिल्याच्या मेलने पुन्हा कळवलं. झालं सुरू!

मी कामोठ्याला भावाच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला बसले होते. फोन वाजतोय, वाजतोय. गुरुजी थांबले आणि म्हणाले, “ताई, आधी त्यांची शांत करून घ्या.”

मी उठून बाल्कनीत गेले आणि फोनवरून दोघांनाही बंद केलं. त्यातल्या एकाच्या पीएचडीचा विषय होता, ‘नेटवर्कमध्ये फिरत राहणारे निरोप कसे टाळावेत’! रजेवरून आल्यावर त्याला विचारलं, तर म्हणाला, “मॅडम, थिअरीत असं होत नाही.”

*

आता बफर. या एका शब्दावर आमची लिस्ट वर्षानुवर्षं चाललीय.

राउटर म्हणजे इंटरनेटवरचा चौक समजा. गर्दी झाली की डेटाची पॅकेटं तिथे रांगेत थांबतात. ती थांबायची जागा म्हणजे बफर. फाटक सर म्हणणार, जागा छोटी हवी, रांग लांबली की सगळ्यांनाच उशीर. मुकादम सर म्हणणार, मोठी हवी, नाहीतर पॅकेटं बाहेर फेकली जातात. मुकादम सर उरणचे. बोलायला इतके मऊ की वर्गात मुलांनाही अहो-जाहो करतात. पण बफरवर एक इंच मागे हटणार नाहीत.

एकदा प्रकरण इतकं तापलं की मी वैतागून दोघांनाही मॉडरेशनवर टाकलं. म्हणजे त्यांची प्रत्येक मेल आधी माझ्याकडे येणार, मी सोडली तरच पुढे जाणार. संध्याकाळी मुकादम सरांचा फोन.

“मॅडम, माझी अडवा, काय पण टेन्शन नाही. पण त्यांची सोडा.”

“का हो?”

“मग मी उत्तर कोणाला देऊ?”

थोड्या वेळाने फाटक सरांचा फोन आला. त्यांचंही हेच म्हणणं!

*

फाटक सरांनी एकदा काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, लिहायची मेल चुकून लिस्टला पाठवली. ‘कोथिंबीर किती आणू?’

काकूंच्या आधी मुकादम सरांचं उत्तर आलं. ‘छोटी जुडी आणा. फ्रीजमध्ये रांग लागायला नको.’

फाटक सरांनी तिथल्या तिथे लिहिलं, ‘लिस्टवर विषयाला धरून बोलावे.’

*

तर बायपासनंतर एक दिवस काकूंचा मला फोन आला.

“अगं, डॉक्टर म्हणतात चाला, आणि हे खिडकीतून उठत नाहीत. सोसायटीच्या गेटपर्यंतसुद्धा उतरत नाहीत. विचारलं तर म्हणतात, आता काय राहिलंय. लॅपटॉप उघडतात, तुमच्या मेल वाचतात आणि मिटून ठेवतात. मला भीती वाटते गं.” आणि मग म्हणाल्या, “तुझ्या लिस्टवर एखादं भांडण लाव ना!”

इतकी वर्षं भांडणं मिटवली, आता लावायचं कसं? मी बफरवर एक धडधडीत चुकीचं विधान ठोकून दिलं. सगळे धावून आले, ‘मॅडम, किंचित दुरुस्ती सुचवतो.’ इतकी गोड उत्तरं की मलाच लाज वाटली. फाटक सरांचा एक शब्द नाही.

मी मुकादम सरांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, “तुमच्याच्याने नाही होणार मॅडम. मी बघतो.”

दुसऱ्या दिवशी त्यांची मेल माझ्याकडे येऊन थांबली होती; दोघांचं मॉडरेशन काढायचं राहूनच गेलं होतं. ‘फाटक सर पहिल्यापासून बरोबर होते. बफर छोटाच हवा. इतकी वर्षं माझंच चुकलं. या विषयावर मला आता काही म्हणायचं नाही. मुकादम.’

मी पुन्हा पुन्हा वाचली आणि त्यांना फोन लावला. “सर, तुमचं अकाउंट हॅक झालंय का?”

“मॅडम, सोडा ती मेल. लिहिताना माझं काय झालंय ते माझं मला माहीत.”

मी सोडली. चहा टाकला, तो उकळायच्या आत फोन वाजला. फाटक सरांची मेल येऊन थांबली होती. गॅस बारीक करून ती उघडली.

‘मुकादम, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तब्येत बरी आहे ना? डॉक्टरला दाखवलंत का? घरीच थांबा, मी निघालोय.’