पावसाळ्यात पाहिलेली जमीन

बाबा सांगलीहून चेन्नईला आले ते आमच्या जमिनीच्या खरेदीखतासाठी. सोमवारी सह्या होत्या, रविवार मोकळा होता, आणि वेडंतांगलच्या पक्ष्यांबद्दल मी कधीपासून नुसतं ऐकत होते. जमीनही परतीच्या वाटेवरच. म्हटलं, सकाळी पक्षी बघू, दुपारी जमिनीवर नारळ फोडू. एका दगडात दोन पक्षी म्हणणार होते, पण अभयारण्याला निघताना ते बरं दिसलं नसतं.

जमिनीचं आधी सांगते. नवऱ्याला ओरगडमच्या कारखान्यात नोकरी लागली आणि फेब्रुवारीत आम्ही तांबरमला राहायला आलो. मी एकुलती एक. आईबाबांनी आता सांगली आवरून आमच्याजवळ यावं, खालची खोली त्यांची, असं ठरवूनच आम्ही प्लॉट शोधला. बाबा निवृत्त शिक्षक, आणि जमिनीच्या बाबतीत त्यांचं एक ठाम मत: जागा भर पावसाळ्यात बघावी, म्हणजे पाणी कुठे साचतं ते लपत नाही. म्हणून ते श्रावण लागताच खास येऊन गेले होते. जमीन ठणठणीत कोरडी होती. बाबा खूश झाले, आम्ही निर्धास्त झालो आणि विसार दिला.

डिसेंबरातल्या त्या रविवारी उजाडायच्या आत निघालो. नवऱ्याची शिफ्ट होती, त्याला कंपनीची बस घेऊन गेली. गाडी मी चालवत होते, शेजारी बाबा, मागे आमचे शेजारी रावमामा. त्यांचं घराणं तंजावरचं. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहून घरात मराठी टिकवलेली, पण ती अशी की बाबांना प्रत्येक वाक्य दोनदा ऐकावं लागतं. मामांना तेवढंच आमचं मराठी वर्तमानपत्रासारखं वाटतं.

जी.एस.टी. रोड सकाळी मोकळा मिळतो. परनूरच्या टोलनंतर तर रस्ता सुरेख आहे. चेंगलपट्टूला पोंगल-वडा खाऊन घ्या, पुढे धड काही मिळत नाही. पडाळमला उजवीकडे वळलं की भातशेतीतून थेट तळ्यापर्यंत रस्ता जातो. तिकीट किरकोळ आहे, कॅमेऱ्याचं वेगळं पडतं, आणि दुर्बीण घरूनच न्यावी.

तळ्याच्या बांधावर चढलो. पाण्यात उभ्या असलेल्या झाडांवर पानांपेक्षा पक्षीच जास्त. चित्रबलाक, पाणकावळे, बगळे, मधूनच एखादा अवाढव्य पेलिकन. पिल्लांचा कलकलाट इतका, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. मामांनी सांगितलं की गावातले लोक दिवाळीत फटाके वाजवत नाहीत. पक्ष्यांच्या शिटेनं तळ्याचं पाणी कसदार होतं आणि तेच भाताला जातं, त्यामुळे हा जुना घरोबा आहे. कायद्याचं संरक्षणही एकट्या तळ्याला नाही, भोवतालच्या मोठ्या पट्ट्याला आहे, कारण पक्षी झोपतात इथे पण जेवायला आसपासच्या तळ्यांत आणि शेतांत जातात. बाबांना हे फार पटलं. नुसतं माजघर राखून काय उपयोग, चूलही राखायला हवी, म्हणाले. मला त्यांचा अभिमान वाटला.

परतताना ओरगडमकडे जाणाऱ्या रस्त्याला लागलो. दुतर्फा प्लॉटच्या पाट्या, मधूनच गोदामं. एजंट वळणावर छत्री घेऊन उभाच होता. तो पुढे चालू लागला, पण डांबरी रस्ता संपला तिथेच थांबला. कारण पुढे पाणी होतं.

आमचा प्लॉट कुठला ते ओळखायला वेळ लागला. हद्दीचे पिवळे दगड पाण्याखाली होते, एखाददुसऱ्याचं टोक वर दिसत होतं. पलीकडची एरी, म्हणजे तळं, भरून इकडे पसरली होती. आणि मधोमध, जिथे आईबाबांची खोली यायची होती साधारण तिथे, उघड्या चोचीचे करकोचे शांतपणे गोगलगायी वेचत होते.

बाबा हातात नारळ घेऊन उभे राहिले. पावसाळ्यात तर कोरडी होती, असं ते दोनदा म्हणाले.

मामांनी विचारलं, “कोणत्या महिन्यांत पाहिलेत अप्पा?”

“श्रावणात.”

“ते अम्हांस आडि मास. आडींत इकडं वारा न् धूळ. अमचा पावसाळा ऐप्पसि-कार्तिगैंत, दिवाळीच्या मागंपुढं, आतांच सरला की. हें अस्क पाणी एरीचंच.”

बाबांना ते अस्क, म्हणजे सगळं, समजलं, या वेळी दोनदा ऐकावं लागलं नाही. नोव्हेंबरात आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी होतं तेव्हाही माझ्या डोक्यात हा प्रकाश पडला नव्हता. सांगलीचा पावसाळा आम्ही सामानाबरोबर इथे आणला होता.

एजंटला काही विशेष वाटलं नाही. चार महिन्यांत पाणी जाईल, मग भराव टाकू, म्हणाला. मामा म्हणाले की तळ्याचं पाणी पसरतं त्या जागेत भर घालायला कायद्यानं मनाई आहे. एजंट हसला. कुणी तक्रार केली तर कायदा येतो, आधी घर येतं, असं त्याचं म्हणणं. आम्हाला नकोच असेल तर पाणी गेल्यावर तो दुसरं गिऱ्हाईक आणणार होता, म्हणजे विसार बुडणार नाही.

मी बाबांना सगळं मराठीत सांगितलं. त्यांनी विचारलं, गिऱ्हाईक कुठलं? एजंट म्हणाला, “तुमच्यासारखेच, सार. पुणे पार्टी, नागपूर पार्टी.”

बाबा मला म्हणाले, “त्याला सांग, नको. तो माणूसही बिचारा पावसाळ्यातच बघून जाईल.”

विसार गेला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं बाबा येताना एकदा स्वतःशीच पुटपुटले, तेव्हा मला रडू आलं, पण गाडी चालवत होते. तांबरमला पोचल्यावर मामांनी चहा केला. भरावाविरुद्ध कलेक्टरकडे अर्ज द्यायचं त्यांनी ठरवलं. खाली माझंही नाव घाला, बाबा म्हणाले, सांगलीचा पत्ता चालत असेल तर.

वेडंतांगलला जरूर जा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, सकाळी लवकर नाहीतर चारनंतर. आणि या बाजूला जमीन बघायला जाणार असाल तर तीही तेव्हाच बघा.

संध्याकाळी आईचा फोन आला. तिनं सांगलीतली निम्मी भांडी वाटून टाकली होती, उरलेली बांधत होती. नारळ फोडलात का, तिनं विचारलं. बाबा म्हणाले,

“नाही गं. जागा मोकळी नव्हती.”

मग तिला भांडी परत फळीवर लावायला सांगून त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि ते गॅलरीत जाऊन उभे राहिले.