वांग्याचा नंबर

आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात सकाळी रांगेत माणसं नसतातच, चपला असतात. आपली चप्पल लावायची आणि निंबाखाली गप्पा मारत बसायचं. पण एक नाना चपलेऐवजी भरताचं वांगं ठेवायचे, चांगलं उशीएवढं. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. साखरेच्या आजारामुळे अनवाणी फिरू नका, असं डॉक्टरांनी त्यांना बजावलेलं, मग चप्पल काढणार कशी? रांग सरकली की वांगं दोन्ही हातांनी उचलून, तान्ह्या बाळासारखं अलगद पुढे ठेवायचे.

एकदा जळगावहून एका खासगी कंपनीचे साहेब दवाखाना बघायला आले. तो कंपनीकडे चालवायला द्यायचं घाटत होतं ना! निंबाखाली लगेच दोन तट पडले. कोणी म्हणे, पंखे तरी फिरतील. कोणी म्हणे, मग फुकट गोळ्या विसरा.

नानांनी आपल्या गोळ्यांसाठी थेट साहेबांनाच गाठलं. "भाऊ, मन्या साखरन्या गोळ्या भेटतीन ना?"

"आजोबा, सगळं चकाचक होईल. ही रांगच राहणार नाही!"

"रांग जाई, का आम्ही जासूत?"

साहेब हसत पंखे बघायला वळले. पण आदल्या रात्री पाहुणचारात त्यांनी भरीत जरा जास्तच हाणलं होतं. तेवढ्यात पोटात कळ आली, तसे ते तडक खिडकीशी चिठ्ठी काढायला घुसले.

"ओ भाऊ!" नाना निंबाखालून ओरडले, "वांगाना मांगे!"

बिचारे पोट धरून वांग्यामागे उभे राहिले. आणि हो, गोळ्या त्यांनाही फुकटच मिळाल्या.