देवाची खपली

"पाय आत टाकलास तर बघ, बाई! तालीम हाय ही, तुझी चूल न्हवं!"

वस्ताद असा गरजला की सांब्र्यापलीकडच्या म्हशींनी दूध चोरलं म्हणतात. मी म्हशींना विचारायला गेलो नाही, पण तो आवाज मी उभा जन्म ऐकलाय, तेव्हा खरंच असणार. माझी वैनी मात्र उंबऱ्याबाहेर दुधाचा तांब्या घेऊन उभी होती, ती तसूभर हलली नाही.

"आत कोण येतंय? माझा माणूस बाहेर द्या, मी जाती."

तिचा माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ, अण्णा. तो आत मारुतीसमोर मांडी घालून बसला होता. आमच्या गावात तसा पैलवान पुन्हा झाला नाही. त्यानं मांडीवर थाप मारली की हिंडलग्याच्या तुरुंगातले पहारेकरी बंदुका सावरत. निपाणीच्या मैदानात त्यानं एकाला असा उधळला, की तो खाली येईस्तोवर तंबाखूचे व्यापारी चहा पिऊन परत आले. थोडं कमी-जास्त धरा. पण त्या शनिवारी त्याच अण्णाचा उजवा पंजा मनगटातून लोंबत होता, खुंटीवर टांगलेल्या ओल्या पंच्यासारखा. बोटं जेमतेम मिटायची, पंजा काही वर उचलायचा नाही. दुखणं म्हणाल तर हाताला नव्हतंच, अधूनमधून पोटात मात्र कळ यायची आणि पहाडासारखा गडी मुटकुळं करून पडायचा.

आमच्या तालमीची एक रीत होती. मारुतीला दर शनिवारी तेलात कालवलेला शेंदूर चोपडायचा. पणजोबांच्या काळापासूनची पुटं चढून चढून मूळचा देव आत कुठं राहिला होता ते देवालाच ठाऊक. मधनंच त्या पुटाची एखादी खपली सुटून पडे. खपली म्हणजे देवाच्या अंगचं बळ. ती कुटायची, दुधात घालायची आणि लढणाऱ्यानं प्यायची. जेवढा मोठा पैलवान तेवढी मोठी खपली. मलाही कधी चिमूटभर मिळे. माझ्या अंगाला बरं-वाईट काहीच लागत नसे, म्हणून तर मी आयुष्यात कुणाला पाडलं नाही.

हात लुळा पडला आणि गावानं निकाल देऊन टाकला: देव कोपला. वस्तादानं उतारा सांगितला: सेवा वाढवा. झालं, आठवड्याचा शेंदूर रोजचा झाला, खपलीही रोजची झाली. हात आणखी खाली गेला.

मग वैनीनं मला बैलगाडी जुंपायला लावली आणि आम्ही बेळगाव गाठलं. तिथल्या डॉक्टरनं हात नंतर बघितला, आधी अण्णाचा ओठ वर केला, बाजारात घोड्याचे दात बघावेत तसा. हिरड्यांवर निळसर काळी रेघ होती.

"छापखान्यात खिळे जुळवतोस?"

"न्हाय जी."

"रंगाचं काम?"

"पैलवान हाय मी," अण्णा छाती काढून म्हणाला.

"मग एवढं शिसं खातोस कुठून?"

वैनीनं सगळं सांगितलं, खपलीपासून दुधापर्यंत. डॉक्टर कपाळाला हात लावून बसला. शेंदूर शिशाचाच करतात, म्हणाला. ते पोटात साठत गेलं की नसा मरगळतात. याचं तसंच झालं असावं. खात्री मागू नका, पण आधी खाणं बंद करा, मग बघू.

डॉक्टर चुकू शकतो, देव कसा चुकेल? असा हिशेब करून अण्णा पुढच्या शनिवारी पुन्हा तालमीत जाऊन बसला. म्हणून वैनी उंबऱ्यावर.

"देवाला शेंदूर लावाय मी न्हाय म्हणत न्हाय," ती म्हणाली. "दगडाला लावायची चीज माझ्या माणसाला का चारतासा?"

"देवाला दगड म्हणतीस?"

"दगडाचाच हाय की. म्हणून त्याला काय झालं न्हाय."

"बळ हाय त्यात, बळ!"

"मग तुमी का घेत न्हाय, वस्ताद?"

"लढणाऱ्यानं घ्यायची असती ती. मी शिकवणारा."

"मग आज माझ्यासंगं लढतासा न्हवं? घ्या. दूधबी आणलंय." तिनं तांब्या उंबऱ्यावर आदळला.

वस्तादानं तावातावानं देवापुढची खपली उचलली, तोंडाजवळ नेली, आणि त्याची नजर अण्णाच्या लोंबत्या पंजावर पडली. खपली तिथंच थांबली.

"आज माझा शनवार हाय," तो म्हणाला. "उपास."

"उपासाला दूध चालतंय. आन् परसाद कवापासनं चालंना झाला?"

मला हसू फुटलं ते असं, की शहापुरातले माग घटकाभर थांबले असतील. वस्तादानं खपली देवाच्या पायाशी ठेवली आणि फेटा सोडून पुन्हा बांधायला घेतला. चांगला बांधलेला होता.

अण्णानं ते सगळं बघितलं. त्याला कुणी काही सांगावं लागलं नाही. तो उठला, लोंबता हात डाव्या हातानं पोटाशी धरला आणि वस्तादाच्या समोरून बाहेर आला. मागून शिव्या आल्या, देव तुमचं खानदान बुडवील म्हणून शापही आला. वैनीनं तांब्यातलं दूध तिथल्या कुत्र्याला ओतलं आणि ती चालू लागली.

विहिरीपाशी आल्यावर अण्णाला धीर झाला. "हात परत येईल का गं?"

वैनीनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. म्हणाली, "न्हाय आला तर डाव्यानं जेवा."