खालची खोली

इकडे परदेशात नोकरीसाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात निघालेली आपली तरुण मुलं माझ्याकडे सल्ला मागायला येतात. "काका, तिकडे घर घ्यायचंय. काय काय बघू?" मी सांगतो, छप्पर बघा, तळघरात ओल आहे का बघा, हिवाळ्यात ऊन कुठल्या खिडकीत येतं ते बघा. आणि शेवटी म्हणतो, घरात कोण बसलंय ते बघा. मुलं हसतात. हसा लेको! मीही असाच शहाणा होतो.

साठच्या दशकाच्या मध्यावर आम्ही हॅनोव्हर सोडून गार्चिंगला आलो. हॅनोव्हरला मी शिकलो, तिथेच नोकरीला लागलो, लग्न करून बायकोला तिथेच आणलं. मग गार्चिंगच्या एका संशोधन संस्थेत जागा मिळाली. देश तोच, पण राज्य बदललं की काय काय बदलतं ते आम्हाला पहिल्याच आठवड्यात कळलं. बायको पिशवी घेऊन बाजारात गेली तर गावातली सगळी दुकानं बंद. कुठल्याशा संताचा सण होता, जो हॅनोव्हरला कुणाच्या गावीही नव्हता. रिकामी पिशवी खुंटीला अडकवत ती म्हणाली, "अहो, इथलं पंचांगच वेगळं दिसतंय."

घर घ्यायचं होतं ते आईसाठी. वडील गेल्यापासून ती मिरजेत एकटी होती, आणि मी एकुलता एक. तिचे गुडघे पार गेलेले. देवळाच्या तीन पायऱ्या चढायच्या तर तिरकी होऊन, एकेका पायरीवर दम खात चढायची. म्हणून मला तळमजल्यावर एक खोली हवीच होती. बाकी घर कसंही असो.

तसं घर मिळालं. गावाच्या कडेला, बटाट्याच्या शेताला लागून. खाली स्वयंपाकघर आणि एक खोली, वर दोन खोल्या, मधला जिना शिडीसारखा उभा. खालच्या खोलीत दक्षिणेचं ऊन आणि कोपऱ्यात शेगडी. मालक श्टुटगार्टला कारखान्यात नोकरीला चालला होता. आम्ही घर बघायला गेलो तेव्हा त्याची आई त्या खोलीत खिडकीपाशी मोजे विणत बसली होती. मी तिला नमस्कार केला आणि तिच्या डोळ्यांदेखत पावलांनी खोली मोजली. इथे आईची खाट, इथे तिचे देव. मला नीट मोजता यावं म्हणून बिचारीनं पाय उचलून धरले.

इकडे घराचा व्यवहार नोटारपुढे होतो. नोटार म्हणजे सरकारमान्य वकील समजा. तो अख्खा दस्त मोठ्यानं वाचतो आणि आपण ऐकायचा. त्यात एक वाक्य आलं, की तळमजल्यावरच्या खोलीत राहण्याचा हक्क विकणाऱ्याच्या आईला आहे, ती जिवंत असेपर्यंत. मी ते ऐकलं. मला ते कळलं. मी मान हलवून "गेनाऊ, गेनाऊ" म्हणालो, म्हणजे अगदी बरोबर. कधीकाळी लिहिलेलं असेल, आता मुलगा निघालाय म्हटल्यावर ते आपोआप संपलं, असं मी धरून चाललो. मुलगा जाईल तिथे आई जाणार, हे काय विचारायचं असतं?

सामान घेऊन आलो तर घर ओकंबोकं. मालकानं छतावरचे दिवे काढून नेले होते, वायरी लोंबत होत्या. स्वयंपाकघरातला सिंकसुद्धा नेला होता. ती इथली रीतच आहे, त्याचं काही नाही. पण खालच्या खोलीत दिवा लागलेला, आणि दिव्याखाली आजीबाई मोजे विणतायत.

"तुम्हाला न्यायला कधी येणार?" मी विचारलं.

"कुठे न्यायला?"

"मुलाकडे."

"मी कशाला जाऊ? माझी खोली इथे आहे. तुम्हाला वाचून दाखवलं की त्यांनी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वयंपाकघरात येऊन मी मराठीत असा काही बरसलो की विचारू नका. हा कसला मुलगा! दिवे काढून नेले, सिंक नेला, आणि आईला तेवढी ठेवून गेला! जनाची नाही, मनाची तरी! बायको म्हणाली, "हळू बोला, भिंती पातळ आहेत." पण मी कसला ऐकतोय.

ओरडत होतो ते खरं तर भीतीनं. कारण मिरजेचं घर मी विकून बसलो होतो. मागच्या हिवाळ्यात रजेवर गेलो होतो तेव्हाच ते काम उरकून आलो. आई तिच्या भावाकडे, सांगलीला मामांच्या घरी, एक ट्रंक घेऊन थांबली होती. बोटीचं तिकीट काढलेलं. दोन महिन्यांत ती इथे येणार, आणि इथे तिला बसवायला जागा नाही. त्या जिन्यावरून तिला कोण वर नेणार? आणि एकदा नेली की ती खाली कधी येणार?

नोटारला भेटलो. तो म्हणाला, "बाईंनी आपणहून हक्क सोडला तरच. नाहीतर कुणी हात लावू शकत नाही." मग मी आजीबाईंची मर्जी राखायच्या मागे लागलो. कोळसा आणून दे, पाव आणून दे, खिडकीची कडी बसवून दे. दोन आठवडे हे चाललं. बायको म्हणाली, "बोकडाला कापायच्या आधी चारा घालतात, तसं चाललंय तुमचं."

शेवटी एका दुपारी मी आजीबाईंसमोर बसून सगळं सांगून टाकलं. आईचे गुडघे, बोट, जिना. त्या विणता विणता ऐकत होत्या.

"तुमच्या आईला तिकडे घर नाही?"

"होतं. विकलं."

"त्यांनी विकलं?"

"मी. वडिलांच्या माघारी माझ्या नावावर आलं होतं."

"त्यांना विचारलंत?"

"सांगितलं."

"आणि कागदात त्यांची खोली लिहून ठेवलीत ना?"

मी म्हणालो, आमच्यात असं लिहीत नाहीत. आई मुलाबरोबर असतेच.

"मग त्या आत्ता कुठे आहेत?"

"भावाकडे."

"म्हणजे पाहुण्या," असं म्हणून त्यांनी सुया मांडीवर ठेवल्या. "पहिल्या दिवशी तुम्ही माझ्या मुलाला शिव्या देत होतात. भाषा नाही कळली, आवाज कळला. तो मला घेऊनच जाणार होता. मीच म्हटलं, मी इथून हलत नाही. म्हणून मला धरून घर घेईल असं गिऱ्हाईक त्यानं शोधलं. दोन वर्षं शोधत होता."

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून! दोन आठवडे मी ज्याला नालायक म्हणत होतो, त्यानं घर विकताना आईला विचारलं होतं. मी मिरजेत जेवता जेवता सांगितलं होतं, "आई, घराचं नक्की केलं बरं का." तिचा वाढता हात थांबला होता. मग ती म्हणाली होती, "अंगणात सांडगे वाळत घातलेत. ते वाळेपर्यंत राहता येईल ना मला?" आणि मी हसलो होतो. काय वेडी आहेस, म्हणालो होतो. त्या दुपारी ते आठवलं आणि मला माझीच लाज वाटली. अजून वाटते.

आजीबाई उठल्या. "माझे पाय धड आहेत. मी वर जाते. पण आधी नोटारकडे. वरच्या खोलीवर माझं नाव घाला, आणि खालच्या खोलीवर तुमच्या आईचं."

मी उसळलो. "माझ्या घरात माझ्या आईला कागद कशाला?"

"माझा मुलगाही चांगला आहे. तरी लिहिलं."

"अहो, पण..."

"मग मी इथेच बरी आहे," म्हणून त्यांनी सुया परत उचलल्या. दारात उभी राहून ऐकत असलेली बायको मराठीत म्हणाली, "अहो, हो म्हणा. आयुष्यात एकदा तरी वेळेवर हो म्हणा."

आई आली. बोटीनं इटलीपर्यंत, तिथून आगगाडीनं. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं नोटारकडे गेलो. आजीबाई चर्चला जायच्या काळ्या पोशाखात, आई नऊवारीवर माझा जुना कोट घालून. तिची सही लागणार नव्हती, पण तिनं समोर बसायलाच हवं, असा आजीबाईंचा हट्ट. नोटार वाचत गेला. मी एकेक वाक्य आईला मराठीत सांगत गेलो. ती खिडकीबाहेर बघत होती, ऐकतेय की नाही तेही कळेना.

"तळमजल्यावरची, दक्षिणेकडची खोली," मी म्हणालो, "राहण्याचा हक्क, जिवंत असेपर्यंत."

तिनं मान वळवली. "म्हणजे घर विकलं तरी?"

"विकलं तरी."

"मला कुणी उठवायचं नाही?"

"कुणी नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "तूसुद्धा नाही?"

नोटार वाचायचा थांबला होता. काही हरकत आहे का, असं त्यानं मला विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली.

"मीसुद्धा नाही, आई."

तिनं कोटाच्या आतून पदर सारखा केला.

"त्यांना म्हणावं," ती म्हणाली, "तेवढं परत एकदा वाचा."

नोटारनं ते वाक्य पुन्हा वाचलं, आणि मी ते तिला पुन्हा मराठीत सांगितलं.