आठव्या बटणाची दोन कामं

त्या काळी मला एका जागी बसवत नसे. बी.कॉम. झालं होतं, टायपिंगची परीक्षा झाली होती, घरात स्थळं बघणं चालू होतं. मी मात्र संध्याकाळ झाली की भाट्याच्या पुलापर्यंत चालत जाऊन परत येई, कारण घरात बसलं की पाय आपोआप हलायला लागत. वडील शाळामास्तर. त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ मिरकरवाडा बंदराजवळच्या मासळी गोठवणाऱ्या कारखान्यात मॅनेजर होते. "मुलीला यंत्राची भीती वाटत नसेल तर पाठवा," असं ते म्हणाले, आणि मी दुसऱ्याच दिवशी गेले.

यंत्र म्हणजे जाडसर पुस्तकाएवढा छोटा कॉम्प्युटर, मुंबईच्या हेड ऑफिसने पाठवलेला. वर थोड्याच ओळी मावतील असा करडा पडदा, खाली अक्षरांची बटणं, आणि पडद्यालगत आठ बटणांची वेगळी रांग, एफ वन ते एफ एट. टेलिफोनची वायर एका पेटीतून या यंत्रात जाई. मुंबईला फोन लावला की पेटीतून शीळ यायची आणि तिथल्या मोठ्या कॉम्प्युटरचं पान आमच्या पडद्यावर उमटायचं. किती कोळंबी आली, किती खोकी भरली, हे मी इथे टाइप करायचं आणि ते तिथे जायचं.

घोळ होता तो त्या आठ बटणांचा. मुंबईच्या मोठ्या कॉम्प्युटरला एफ एट कळवलं की भरलेलं पान जमा होई. आमच्या यंत्रावर मात्र त्याच बटणाला भलतंच काम दिलेलं होतं: फोन तोडणं. मुंबईला तिचं एफ एट पोचवायचं तर आधी एस्केप दाबायचं, ते सोडायचं आणि मग आठचा आकडा दाबायचा. शिकवायला आलेल्या इंजिनिअरने बटणांच्या वर कागदाची पट्टी चिकटवली आणि आठव्यापाशी लाल शाईने फुली मारली.

"पडद्यावर एफ एट दाबा असं येईल, तरी हे दाबायचं नाही," तो म्हणाला. "दाबलंत तर लाइन गेली आणि पानही गेलं."

सुरुवातीला माझं बोट हटकून तिथेच जाई. तेव्हा यंत्र निदान विचारायचं तरी, तोडायचं का? मी घाईघाईने नाही म्हणायची आणि तळहात पदराला पुसायची.

पावसाळा संपून बोटी पुन्हा समुद्रात जायला लागल्या, त्या दिवसांतली गोष्ट. एक दिवस सकाळपासून वारा विचित्र सुटला होता. दुपारपर्यंत बंदरातल्या बोटी एकेक करून आत आल्या. आमच्या कारखान्याला मासळी घालणारी एक बोट तेवढी आली नाही. तिच्या तांडेलाची, म्हणजे बोट चालवणाऱ्याची, बायको आमच्या ऑफिसच्या दारात येऊन बसली. मी तिला मावशी म्हणायची. एरवी ही बाई मासळीच्या लिलावात सगळ्यांच्या वर आवाज काढणारी. त्या दिवशी आली ती उंबऱ्याला टेकून गप्पच राहिली.

"बाय, फोन आला काय गो?" तिने एकदा विचारलं.

"नाही, मावशी."

मी यंत्रापुढे होते. मॅनेजरसाहेबांना त्या दिवसाचं पान लवकर मुंबईला जायला हवं होतं, त्यावरून मासळी न्यायच्या गाड्या ठरायच्या होत्या. पण वाऱ्याने लाइन खरखरत होती. मी एक आकडा लिहावा आणि त्याच्या शेजारी तीन भलतीच अक्षरं उमटावीत. ती पुसायची, पुन्हा लिहायचं. शेवटी पान भरलं. एस्केप, आठ. खाली ओळ आली की काहीतरी चुकलंय, तपासून पाहा.

पुन्हा तपासलं. पुन्हा एस्केप, आठ. पुन्हा तीच ओळ.

मी उठले, खिडकीपाशी गेले, परत येऊन बसले. समुद्र नुसता पांढरा दिसत होता. मावशीची नजर टेलिफोनवर होती, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ऑफिसात फोन तो एकच, आणि तो मी अडवून बसलेय.

"साहेब, आत्ता कुणी फोन केला तर आपल्याला लागणारच नाही."

"पान गेलं की सोड लगेच. किती राहिलंय?"

"भरलंय सगळं, पण ते घेत नाहीये."

"मग परत पाठव."

मी परत पाठवलं. परत तीच ओळ. माझा गुडघा टेबलाखाली इतका हलत होता की पेटी थरथरायला लागली. मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मी लाल फुलीखालचं बटण दाबलं. तोडायचं का, यंत्राने विचारलं. मी हो म्हटलं. पेटीतली शीळ थांबली.

"काय केलंस?" साहेब उठून उभे राहिले.

"लाइन सोडली."

"आणि पान?"

"गेलं."

त्यांचा चेहरा लालबुंद झाला. ते स्वतः नंबर फिरवायला पुढे आले, आणि मी रिसीव्हरवर हात ठेवला. कसा ठेवला कोण जाणे, वडिलांच्या वयाच्या माणसासमोर. "थोडं थांबू या, साहेब," एवढंच म्हटलं. त्यांनी मावशीकडे पाहिलं आणि ते खुर्चीत बसले.

फोन काही लगेच वाजला नाही. खिडकीची झडप आपटत होती, ती लावायलाही कुणी उठेना. मला वाटायला लागलं, उगाच केलं, नोकरीही गेली. आणि मग घंटा वाजली.

टेलिफोन एक्स्चेंजचा माणूस वैतागलेला होता. "कधीचे जयगडवाले कॉल मागतायत, तुमचा फोन आपला सारखा एंगेज! घ्या, बोला." मग खरखरीतून तांडेलाचाच आवाज आला. बोट जयगडच्या खाडीत आहे, मशीन बंद पडलंय, माणसं सगळी धड आहेत.

मी रिसीव्हर मावशीच्या हातात दिला. तिने तो दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"जेवलाव काय?" तिने विचारलं.

पलीकडून काहीतरी उत्तर आलं, आणि तिचा लिलावातला आवाज परत आला. "मशीन कुरकुरत होती तर ती आधी बघून जायला काय झाला व्हता? पोरा सकाळपासून दारात बसलीत!" ती इतकं बोलली की साहेबांनीच शेवटी हाताने पुरे म्हणून खूण केली. फोन ठेवल्यावर मात्र ती परत उंबऱ्याला टेकली आणि तिने पाणी मागितलं.

पान मी पुन्हा पहिल्यापासून भरलं. वारा जरा पडला होता, त्या वेळी ते पहिल्याच झटक्यात गेलं. साहेब मला रागावले नाहीत, शाबासही म्हणाले नाहीत. पुढे हवा बिघडली की मी दोन-चार ओळी भरून पान जमा करायची, लाइन तोडायची, थोडा वेळ फोन मोकळा ठेवायची आणि मग पुन्हा जोडायची. हेड ऑफिसला ते आवडत नसे, त्यांच्या तक्रारी येत. साहेब त्या परस्पर निस्तरत.

तरीही माझं मन तिथे रमलं नाही. शीळ ऐकली की आत्ता कुणाचा तरी फोन अडला असेल असं वाटायचं. पुढच्या उन्हाळ्यात मुंबईच्या एका बँकेत कॉम्प्युटरवर बसायची नोकरी मिळाली. निरोप घ्यायला बंदरावर गेले तेव्हा मावशी पापलेटांची टोपली लावत होती.

"तिकडं कुणाच्या बोटी?" तिने विचारलं.

"बोटी नाहीत, मावशी. बँक आहे."

"बरा हाय मग," ती म्हणाली, आणि दोन पापलेटं पानात गुंडाळून तिने माझ्या पिशवीत टाकली.