उपवासाची बिअर

बावीस नोव्हेंबरला मी बाटल्यांना लेबलं चिकटवत होते. माझी लेक सायली बेल्जियममध्ये सासरी आहे. तिथे घरचीच ब्रुअरी, जुन्या मठांच्या पद्धतीची बिअर बनवणारी. पाहुणी म्हणून नुसतं बसणं मला जमत नाही.

नवी बिअर मुरली की पहिली बाटली घरच्या सगळ्यांनी एकत्र प्यायची, असा त्यांचा रिवाज. दुपारी माझाही ग्लास मांडला. मी नको म्हटलं. एकादशी होती.

सायलीने व्याह्यांना ते सांगितलं, तर ते उलट खूश झाले.

"आई, ते म्हणतात, ही उपवासाचीच आहे. मठातले साधू उपवासाला जेवण सोडून हीच प्यायचे."

"साबुदाणा घालतात का, विचार."

"आई, चेष्टा पुरे. तू घरातली आहेस म्हणून ग्लास मांडलाय."

मी हलले नाही. व्याह्यांनी बाटली न उघडताच परत ठेवली. सायलीचा चेहरा उतरला.

मी पुन्हा लेबलं घेतली. त्यांचा उपवास ज्याने चालतो, त्यानेच माझा मोडतो. मी मात्र तुपातली खिचडी पोटभर खाऊन उपवास म्हणते. मग खरा कुणाचा? आणि मी देवासाठी नको म्हटलं, की लेकीचं घर अजून परकं वाटतं म्हणून? काही उलगडेना. चार लेबलं उलटी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून खाली गेले, सगळ्यांचे ग्लास मांडले आणि सायलीला हाक मारली, "सासऱ्यांना म्हणावं, बाटली आणा. मला उपवास सोडायचाय."